रुमालाखालचा भाव

जावयाने चहाचा कप तोंडाला न लावता परत पाठवला, आणि कोर्टाच्या समन्साने जे झालं नव्हतं ते त्या कपाने केलं. थोरल्या केदारीअण्णांची बायको चंद्राबाई रागावली.

"समन्स आलं तवा मी काय बोलले व्हय?" ती नणंदेला म्हणाली. "धाकट्यानं थोरल्यावर दावा लावला, तेबी गिळलं. पन दारात आलेला जावई च्या घेत न्हाय, ही कुठली रीत? माझ्या च्यात काय इख कालवलंय?"

नणंदेची, म्हणजे राजाबाईची, पंचाईत झाली. जावई म्हणजे तिचाच नवरा. परशरामची बेळगावात कॅम्पातल्या एका माडीवर कचेरी होती. मुंबईला जाऊन त्याने हिशोबाची सरकारी परीक्षा दिली होती, आणि कुणाची पेढी किंवा गिरणी भावाभावांत फुटली की कुणाच्या वाट्याला किती आणि कुणी कुणाचं किती दाबलं हे शोधायला कोर्ट त्याला नेमायचं. आजवर तो परक्यांची घरं मोजत आला होता. या खेपेला चिकोडीच्या कोर्टाने त्याला बायकोचं माहेर मोजायला लावलं.

धाकट्या नागोजीने दावा लावल्यापासून निपाणीतल्या त्या घरात दोघा भावांचं कशावरही एकमत झालं नव्हतं. पेढी कुणाकडून तपासायची असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा मात्र दोघे एकदमच म्हणाले, "दाजींच्याकडनं." परशरामने उभं राहून सांगितलं की साहेब, मी या घरचा जावई आहे. न्यायाधीशांनी दोघांकडून संमती लिहून घेतली आणि म्हणाले, दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला माणूस मला दुसरा कुठे मिळायचा?

निपाणीला येताना मोटारीतच त्याने बायकोला नेम सांगून टाकले होते.

"मी धर्मशाळेत उतरणार. अहवाल होईपर्यंत त्या घरचा पाण्याचा थेंब घेणार नाही. ज्याचं मीठ खायचं त्याची चोरी शोधता येत नाही. तू खुशाल माहेरी राहा. पण तिथलं कानावर आलेलं मला सांगायचं नाही. जे कागदावर आणि सगळ्यांसमोर येईल, तेवढंच माझं."

"आनि मला कायतरी कळलं तर?"

"तुझ्यापाशी ठेव."

राजाबाईला हे सांगणं म्हणजे मांजराला शिंक्याखाली बसवून वर बघू नको म्हणण्यासारखं होतं. आप्पा, तिचे वडील, म्हणायचे की ह्या पोरीला कुलूप दिसलं की झोप लागत नाही. चाळिशी उलटली तरी ती खोड गेली नव्हती. लहानपणी तर तिने बाजारातल्या सगळ्यात झाकलेल्या जागी डोकं खुपसलं होतं, ते म्हणजे आप्पांच्या रुमालाखाली.

तंबाखूच्या पेठेत तेव्हाही आणि आता एकोणीसशे छत्तीस सालीही भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, हातांवर लाल रुमाल पडे, आणि आत बोटं बोलत. बोट धरलं की रुपया, पेर दाबलं की पावली, नख टेकवलं की आणा. शेकड्यात की हजारात एवढंच तोंडाने म्हणायचं. पटलं तर मान हलवायची, नाही पटलं तर उलट दाबायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांतच, आणि रुमालाखालचं कुणी विचारत नसे. चिमुरड्या राजाबाईने एकदा रुमाल उचलून आत बघितलं, तेव्हा आप्पांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. केदारीअण्णा तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. रडणाऱ्या बहिणीला त्याने घरी नेलं, आईच्या पदराखाली तिचा हात धरला आणि सगळी बोटं शिकवली. आप्पा गेल्यावर तीच बोटं शेतकऱ्यांचा तंबाखू घेऊन विकणारी ही पेढी चालवत होती. केदारीचा हात म्हणजे पेठेत निकाल, असं लोक म्हणत.

त्याच हातावर नागोजीने दावा लावला होता.

दुपारी तो मागच्या सोप्यातून आला. एकाच घरात चूल वेगळी झाल्याला सहा महिने होऊन गेले होते. बहिणीच्या पाया पडला, वहिनीकडे बघणं टाळलं आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"बस की रं," राजाबाई म्हणाली.

"हितंच बरा हाय. आक्का, मला वाईट वाटत न्हाय व्हय? पन तूच सांग. पयलं रुमाल उठला की अण्णा खणखणीत आवाजात दिवाणजीला भाव सांगायचा. दोन सालं झाली, नुस्ती मान हलवतोय. भाव घेनारा सांगतोय, दिवाणजी लिवतोय. आनि भाव कसला? पडंल त्यो. आपल्यापेक्षा हलका माल जास्त दरानं जातोय आनि आपला मातीमोल. घेनाऱ्याकडनं वरचं पैसं परस्पर अण्णाला येत असनार, दुसरं काय?"

"तू बघितलंस?" चंद्राबाईने आतून विचारलं.

"रुमालाखालचं कोन बघनार, वैनी? म्हनून तर जमतंय."

"आनि त्ये इंग्रजी काय मागितलंस दाव्यात? गुडईल का फिडईल?"

"गुडविल," नागोजी जरा ऐटीत म्हणाला. वकिलाने शब्द नवाच शिकवला होता. "पेढीच्या नावाची किंमत. माल, वखार, उधारी सोडून नुस्त्या नावाची. आप्पाच्या नावात माझा निम्मा वाटा हाय. मी भायेर पडलो तर अण्णानं त्येचे पैसे द्यायचे."

"नाव काय टोपलीत घालून बाजारात न्यायचं हाय व्हय?" चंद्राबाई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची आसती, भावजी. तुमी ती उघडाय बसलाय."

नागोजी निघून गेला. जाताना उंबऱ्यातल्या अण्णांच्या वहाणा त्याने पायाने नीट सरळ केल्या, आणि ते राजाबाईने बघितलं.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याचं धुतलेलं धोतर घेऊन ती धर्मशाळेत गेली. परशराम शिंकून शिंकून बेजार झाला होता. निपाणीच्या माणसाला तंबाखूचा खकाणा अत्तरासारखा, पण बेळगावच्या नाकाला तो सोसत नाही. डोळे लाल झाले होते, तरी त्या डोळ्यांत एक चमक होती. हिशोबात काही अडलं की त्याचं तोंड असं पोरासारखं व्हायचं, आणि खरं तर त्या तोंडावरच तिचा जीव जडला होता.

"काय सापडलं?" तिने विचारलं.

"तुला सांगायचं नाही असं ठरलंय."

"बरं."

त्याने वही मिटली. मग तिच्याकडे पाठ करून समोरच्या भिंतीला म्हणाला, "वह्या चोख आहेत. वखारीतले तंबाखूने भरलेले बोद उलटून पालटून तोलले, माल बरोबर आहे. दिवाणजी आण्णाप्पा सरळ माणूस. आणि तोटा मात्र खरा आहे."

राजाबाईने भिंतीच्या वतीने हुंकार दिला.

"मग मी सौदे वेगळे केले. काही तोंडी झालेत, काही पत्राने, काही रुमालाखाली. तोंडी सौद्यात अण्णा अजून वाघ आहेत, एक आणा सोडत नाहीत. पत्राच्या सौद्यातही तसंच. सगळा तोटा रुमालाखालचा आहे, आणि तो सगळा दोन वर्षांतला." त्याने पुन्हा शिंकून घेतलं. "मूर्ख माणूस सगळीकडे बुडतो. जो फक्त झाकलेल्या जागी बुडतो, त्याला हिशोबाच्या भाषेत काय म्हणतात हे भिंतीला सांगायला नको."

राजाबाईने आणलेल्या धोतराची घडी मोडून पुन्हा घातली.

"पण एक गोष्ट जमत नाही," तो भिंतीला म्हणाला. "चोरीचा पैसा कुठेतरी वर येतो. शेत घेतलं जातं, सोनं होतं, नाही तर बाई तरी असते. इथे काही नाही. उलट शेतकऱ्यांचे पैसे भागवायला वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्यात. लुटून कंगाल झालेला चोर मी आजवर पाहिला नाही. घेणाऱ्या व्यापाऱ्यांना विचारलं. ते म्हणतात, अण्णा हल्ली मऊ झालेत, पहिल्याच दाबाला मान हलवतात. का हलवतात? मला झोप लागत नाही त्याने."

"मग तसंच लिवा की."

"कोर्टाला कुतूहल लिहून देता येत नाही. तीन दिवसांनी वखारीत सगळ्यांसमोर अण्णांना एकदा विचारणार. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर जे दिसतं ते लिहावं लागेल. आणि ते एकदा लिहिलं, की नागोजीचा वकील फौजदारी केल्याशिवाय राहणार नाही."

घरी परतल्यावर ती भाऊ म्हणून नव्हे, कोडं म्हणून अण्णांकडे बघायला लागली. हे तिचं तिलाच आवडलं नाही, पण डोळे काही ऐकेनात.

अण्णा पानसुपारीचे शौकीन. आप्पांचा पितळी अडकित्ता कायम मांडीशी असायचा. आता तो कोनाड्यात पडला होता आणि सुपारी चंद्राबाई कातरून देत होती. कोटाची बटणं लावताना ते मान खाली घालून प्रत्येक बटणाकडे बघत. संध्याकाळी चंद्राबाईने चुलीवरून उतरवलेलं दुधाचं पातेलं वाटेत होतं. अण्णांनी ते काठाला धरून उचललं आणि सावकाश बाजूला ठेवलं.

"ह्यांचा हात दगडाचा झालाय," चंद्राबाई कौतुकाने म्हणाली. "सांडशी लागत न्हाय."

राजाबाई मात्र त्या बोटांकडे बघत राहिली. बोटांची कातडी लाल झाली होती आणि अण्णा त्याच हाताने मिशी सारखी करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोप्यावर कुणी नव्हतं. अण्णा तक्क्याला टेकले होते. राजाबाई शेजारी बसली, पदर ओढला आणि त्यांच्या उजव्या हातावर टाकला.

"अण्णा, वळख बघू."

"सोड गं. केस पिकाय लागलं आनि खेळ सुचत्यात."

"आईच्या पदराखाली तूच शिकवलंस न्हवं? वळख."

तिने त्यांची दोन बोटं धरली. अण्णा हाताकडे बघत नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, पेठेत समोरच्याचे डोळे वाचतात तसे.

"तीन," ते म्हणाले.

तिने एक पेर दाबलं, चांगलं जोराने.

"पाच. बास झालं आता."

"ह्यो शेवटचा," ती म्हणाली. आपला हात तिने हळूच पदराखालून काढून घेतला आणि मागे ठेवला. आत आता अण्णांचा एकट्याचा हात होता.

अण्णांनी जरा विचार केला. "च्यार," ते म्हणाले.

राजाबाईने रिकामा हात वर करून त्यांना दाखवला. तिला रडू आलं, आणि ते तिने आवरलंही नाही.

"कदीपासनं?" शेवटी तिने विचारलं.

"दोन सालं. आदी करंगळी गेली, मग सगळी. हलत्यात, पन कळत न्हाय." अण्णा हलक्या आवाजात बोलत होते. "बेळगावात डाक्टरला दावलं. साखर म्हनला. लघवीत साखर जाती, त्यानं शिरा मरत्यात."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"कुनाला? बोटं बधिर झाली म्हटलं की साखरेचं नाव कोन घेतंय, राजे? लोक महारोगाचंच नाव घेत्यात. माझ्या पोरीला संकेश्वरचं स्थळ आलंय. तुझ्या वैनीलाबी बोललो न्हाय मी."

"मग तोंडी भाव करायचा. रुमालाचं नावच नको."

"आप्पाच्या गादीवर बसून? पेठ दुसऱ्या दिशी म्हनंल, केदारीचा हात गेला. शेतकरी माल घालतोय त्यो ह्या हाताला बघून. आत कोन काय दाबतंय मला कळत न्हाय, म्हनून पयल्या दाबाला मान हलवतो. घेनारा इमानदार आसतोय, जे दाबलं तेच सांगतोय. निस्ता त्येचा पयला भाव आसतोय, एवढंच."

"आनि तुला चोर म्हनत्यात, ते चालतंय?"

अण्णांनी पदर बाजूला केला आणि आपल्या हाताकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसं बघितलं. "चोराकडं माल येतोय. आंधळ्या हाताकडं येत न्हाय. पेढी ऱ्हायली तर नागोजीच्या पोरांनाबी ऱ्हाईल. तू दाजीस्नी सांगायचं न्हाय. नागोजीला तर न्हायच. आन हाय तुला माझी."

तिने आन घेतली. न घेऊन करते काय?

ती रात्र आणि पुढचा सबंध दिवस तिने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. आयुष्यभर ज्या गोष्टी कळाव्यात म्हणून ती धडपडली, त्यांतली सगळ्यात मोठी आज तिच्या ओटीत पडली होती आणि ती कुठे ठेवावी हे तिला समजेना. नवऱ्याला सांगितलं तर तो लिहिणार. त्याशिवाय तो राहणार नाही, आणि तसा तो राहिला असता तर तिला आवडलाही नसता. अहवालाची नक्कल नागोजीच्या वकिलाला जाणार, म्हणजे संध्याकाळपर्यंत पेठेला. हात मेला म्हटल्यावर नावाची किंमत शून्य, आणि पोरीचं स्थळ गेलं ते गेलंच. नाही सांगितलं तर अण्णा चोर. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. भाकरी थापता थापता तिला आप्पा आणि थोरले काका आठवले. तेही असेच वेगळे झाले होते, पण कोर्टात गेले नव्हते. दोघे भाऊ गादीवर बसले, हातांवर रुमाल पडला, आणि कुणी कुणाला काय दिलं ते अजूनही घरात कुणाला माहीत नव्हतं. थापलेली भाकरी तव्यावर करपली तेव्हा ती भानावर आली.

वखारीच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. गादीवर अण्णा बसले, समोर जाजमावर नागोजी आणि मधे परशराम. दिवाणजी आण्णाप्पा कोपऱ्यात अंग चोरून होता. बायका दाराशी बसल्या. परशरामने सौदे कसे वेगळे केले ते सांगितलं, तोटा कुठे आणि कधीचा तेही सांगितलं. बोलताना त्याचा आवाज कोरडा होता, पण तो सारखा उपरणं चाचपत होता.

"अण्णा, आता एकच विचारतो. रुमालाखाली पहिल्याच दाबाला तुम्ही मान का हलवता?"

अण्णांनी उजवा हात मांडीखाली सारला.

"हे मी नात्याने विचारत नाही. उत्तर दिलं नाहीत तर मला जे दिसतं ते लिहावं लागेल."

"लिवा," अण्णा म्हणाले.

चंद्राबाईने पदर तोंडाला लावला. नागोजीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण 'मी घेतले नाहीत' असं अण्णा ओरडून म्हणतील याची तो दोन वर्षं वाट बघत होता, आणि ते तसं म्हणत नव्हते. त्याची मान खाली गेली.

"नागोजी, तूही ऐक," परशराम त्याच्याकडे वळला. "तू दोन गोष्टी मागितल्यास. थोरला चोर आहे असं लिहून दे, आणि पेढीच्या नावाची किंमत लावून दे. ज्या पेढीचा मालक कोर्टात चोर ठरला, तिच्या नावाला कोण काय देणार? पहिली मागणी खरी ठरली की दुसरी मेली. तुझ्या वकिलाने हे तुला सांगितलं नसेल."

"मग मी काय करू, दाजी?" नागोजी म्हणाला. "मला काय आनंद हाय ह्यात?"

"मी बोलू?" राजाबाई म्हणाली.

परशरामने चमकून बघितलं. "तुला काही सांगायचं असेल तर..."

"सांगायचं कायबी न्हाय. आप्पा आनि काका वेगळं झालं ते ह्याच गादीवर, रुमालाखाली. अजून ह्यांचं लिवनं संपलं न्हाय. तवर ह्या दोघांनी एकदा हातात हात घालावा. नागोजीनं काय पायजे ते दाबावं. जमलं तर जमलं, न्हाय तर लिवा तुमी."

ती उठली आणि खुंटीवरचा आप्पांचा लाल रुमाल काढून तिने दोघांमधे धरला. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. ती नजर तिला पुढे कित्येक वर्षं आठवायची. तिने आन मोडली नव्हती, पण मोडल्यापेक्षा फार वेगळंही काही केलं नव्हतं. नागोजीला आत कळलं आणि तो उठून ओरडला, तर सगळं संपणार होतं. अण्णांनी नाही म्हटलं असतं तर त्याच क्षणी हातात काहीतरी काळंबेरं आहे हे सगळ्यांना कळलं असतं. त्यांनी हात पुढे केला.

"हजारात," नागोजी म्हणाला, आणि त्याचा हात रुमालाखाली गेला.

रुमाल हलला. अण्णांचे डोळे धाकट्याच्या तोंडावर होते. त्यांनी मान हलवली.

नागोजीच्या कपाळाला आठी पडली. रुमाल पुन्हा हलला, या वेळी जरासाच. अण्णांनी पुन्हा तशीच, शांतपणे मान हलवली.

आता नागोजी रुमालाकडे बघायला लागला. त्याचा खांदा वर उचलला गेला, आत त्याने काहीतरी जोर लावून केलं, आणि झटकन मान वर करून अण्णांच्या डोळ्यांत बघितलं. त्या डोळ्यांत काहीच हललं नव्हतं. राजाबाईला धाकट्या भावाचा चेहरा समोरून दिसत होता. आधी त्यावर राग होता. मग तो गोंधळला, मग पांढरा पडला. त्याचं तोंड उघडलं. बोलू नको रे बाबा, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

तो बोलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते बघून अण्णांनी डोळे मिटले. दोघांचे हात तसेच रुमालाखाली राहिले. कोपऱ्यात दिवाणजी खोकला.

"ठरलं आमचं," नागोजी शेवटी म्हणाला. त्याने हात काढला, पण रुमाल अण्णांच्या हातावर तसाच नीट पसरून ठेवला.

"काय ठरलं?" परशरामने विचारलं.

"रुमालाखालचं इचारत न्हाईत, दाजी."

"कोर्टाला विचारावं लागतं. रक्कम किती?"

"रक्कम न्हाय. पेढी एक. दावा मागं घेतो. चोरीबिरीचं जे बोललो ते माझ्या तोंडात किडं पडू देत. आनि उद्यापासनं रुमालात हात मी घालनार. अण्णानं शेजारी बसायचं, नुस्तं डोळ्यानं सांगायचं. थोरल्यानं किती दिस राबायचं? लोकांस्नी सांगा, भाऊ एक झालं म्हनून थोरल्यानं धाकट्याला गादी दिली."

परशरामने एका भावाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं आणि मग बायकोकडे. राजाबाई जाजमाची घडी सरळ करत होती. त्याने अर्धा लिहिलेला अहवाल उचलला, मधोमध घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि नव्या कागदावर तडजोडीचा मसुदा लिहायला घेतला. दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं की तपासणाऱ्याचा अहवाल कोर्ट मागत नाही, हे त्याला पाठ होतं. सह्या झाल्यावर तो चंद्राबाईला म्हणाला, "वहिनी, आता चहा टाका. दोन कप टाका."

चहा पिताना तो बायकोच्या कानाशी लागला. "मला चोर सापडला नाही, तोटा का झाला ते कळलं नाही, आणि खटला मिटला. मी काय समजायचं?"

"ते भिंतीला इचारा," राजाबाई म्हणाली. "आनि उद्या बेळगावला जाताना अण्णाला बरोबर घेऊ. दाताचं दुखनं हाय म्हनत्यात, कॅम्पातल्या डाक्टरला दावायचंय."

त्याने तिच्याकडे निरखून बघितलं. मग मान हलवली, पहिल्याच दाबाला, आणि चहा प्यायला.

संध्याकाळी परसात नागोजी एकटाच विहिरीच्या काठावर बसला होता. माजघरात चंद्राबाई अण्णांच्या बोटाला हळद लावत विचारत होती की एवढं खोल नख कुणाचं लागलं, आणि कधी. राजाबाई नागोजीजवळ जाऊन बसली. विचारायचं नसतं हे तिला सगळ्या पेठेपेक्षा जास्त माहीत होतं. तिने विचारलंच.

"किती दाबलंस रं?"

नागोजी पाण्याकडे बघत होता. "पयल्यांदा रागानं पंजा दोनदा आवळून धा हजार दाबलं. तेवढं पेढी इकूनबी येत न्हाईत. अण्णानं मान हलवली. म्हटलं, चेष्टा करतोय. मग नुस्तं एक नख टेकवलं. तवाबी मान हलवली. मग नख रुतवलं, आक्का. रगत आलं माझ्या बोटाला लागून. त्यो माझ्याकडं बघत हुता, कायच झालं न्हाय तसा."

"मग शेवटी काय ठरलं?"

"ठरतंय काय? दोन्ही हातांनी त्येचा हात धरून बसलो." त्याने नाक पुसलं. "त्येला तेबी कळलं न्हाय."